सध्या नको, ठेवतो!

मोबाईलच्या बाबतीत नागपूरच्या अख्ख्या मानेवाड्यात माझा हात धरणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून तुमचा गैरसमज नको!

मी मुकुंद बारापात्रे. खापरखेड्याच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं मीटर दुरुस्त केले. आमचे बाबा हातमागावर बसायचे आणि तुटलेला धागा गप्पा मारता मारता, खाली न पाहता जोडायचे. तोच हात माझ्यात उतरला आहे. मिक्सर द्या, कूलर द्या, शेजाऱ्याची डोअरबेल द्या, दहा मिनिटांत उघडून दाखवतो. परत बंद होईल का, हा विषय वेगळा.

मे महिन्यात आमची कौसल्या लेकीच्या, ऋतुजाच्या बाळंतपणाला बंगलोरला गेली. "दोन महिन्यांत येते" म्हणाली. नात झाली, बारसं झालं, पाच महिने झाले! इकडे मी आणि एक प्रेशर कुकर. सवयीनं दोघांची खिचडी टाकायचो, सकाळची संध्याकाळी खायचो, आणि शिट्टी झाली की कुकरला "आलो आलो" म्हणायचो. माणूस घरात बोलणार तरी कोणाशी?

दिवसभरात फोन यायचे ते प्लॉटवाल्यांचे. "सर, मिहान टच प्लॉट!" "सर, पेंचजवळ फार्महाऊस!" रोज आठ-दहा! संध्याकाळी सातला, नातीची आंघोळ झाली की, कौसल्याचा. फोन नेहमी तीच लावायची. मी लावत नसे. काहून लावू? नात तिच्याकडे, बातम्या तिच्याकडे. माझ्याकडे सांगण्यासारखा एक कुकर!

प्लॉटवाल्यांचा बंदोबस्त करायचा म्हणून मी फोनचं ऑपरेशन केलं. कंपनीनं दिलेलं सॉफ्टवेअर खरडून काढलं आणि हौशी लोकांनी बनवलेलं, इंटरनेटवर फुकट मिळणारं दुसरं घातलं. चार तास फोन मेल्यासारखा पडून होता. मी त्याच्या उशाशी बसून होतो. शेवटी जिवंत झाला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या!

या सॉफ्टवेअरमध्ये एक जबरदस्त सोय होती. अनोळखी नंबर आला की घंटी वाजतच नाही. फोन स्वतः उचलतो, आणि समोरचा माणूस बोलता बोलता थांबला की तुमच्याच आवाजातलं एकेक वाक्य त्याला ऐकवतो. मी घसा साफ करून पाच वाक्यं भरली.

"हो, बोला."

"अच्छा."

"अजून सांगा."

"बरोबर आहे."

आणि शेवटचं, "सध्या नको, ठेवतो!" हे झालं की फोन बंद.

कोणता नंबर किती मिनिटं लटकला याची यादी फोनमध्ये राहायची, बोलणंही साठवलेलं असायचं. पण प्लॉटवाल्यांची बडबड कोण ऐकत बसतो? मी फक्त मिनिटं पाहायचो. पहिल्याच दिवशी अकरा मिनिटं, नऊ मिनिटं, आणि एक बहाद्दर तर सव्वीस मिनिटं! मी एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

लगेच श्रीधरला फोन लावला. श्रीधर कोण, ते सांगतो. माझं सिम 'सातपुडा मोबाईल'चं आहे. आपल्या इकडच्या तीन-चार जिल्ह्यांपुरती चालणारी एवढीशी कंपनी. लोक हसतात, पण तिच्या ग्राहक सेवेला फोन लावला की 'एक दाबा, दोन दाबा' नाही. माणूस उचलतो! तो माणूस म्हणजे श्रीधर.

"श्रीधर, एका प्लॉटवाल्याले सव्वीस मिनिटं लटकवलं गा!"

"बाप्पा! काका, त्याचा दिवस खराब केला तुम्ही."

"मग! बारापात्रे म्हणतात मले!"

त्या संध्याकाळी सात वाजले. साडेसात वाजले. कौसल्याचा फोन आला नाही. असेल कामात, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी श्रीधरला विचारलं, "नेटवर्क बरोबर आहे ना?"

"तुमच्या फोनवर काड्या किती दिसून राहिल्या, काका?"

"पाचच्या पाच."

"मग नेटवर्क एकदम बढिया. कोणी फोनच नसन करून राहिलं."

पोरगा साध्या मनानं बोलला. पण ते वाक्य मला दिवसभर पुरलं. नात आली म्हणून नवरा विसरायचा? ठीक आहे! मीही लावत नाही! आठ दिवस मी मोबाईल मांडीवर घेऊन बसलो आणि लावला नाही. नऊ दिवस झाले. दहा झाले. भावाचा फोन नाही, मित्राचा नाही, ज्येष्ठ नागरिक मंडळातल्या कोणाचा नाही. अख्ख्या नागपुरात एकालाही माझी आठवण येऊ नये? फक्त ती यादी रोज वाढून राहिली होती. मी तिच्यातच समाधान मानायचो. चला, प्लॉटवाल्यांना तरी आपली गरज आहे!

अकराव्या दिवशी सकाळी मी लुंगीवर दात घासून राहिलो होतो. फाटकाशी टेम्पो थांबला आणि दोन माणसं अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवू लागली. दहा, वीस, चाळीस!

"अरे, काय चाललंय?" तोंडातल्या फेसासकट मी ओरडलो.

मागून आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष महादेवराव आले, आणि त्यांच्यामागे पंधरा-वीस म्हातारे. सगळे इस्त्रीचे कपडे घालून!

"बारापात्रे, अजून लुंगीवरच? दहाची सभा आहे ना!"

"कोणाकडे?"

"तुमच्याकडे! सभा, आणि मग आलूपोहे. तुम्हीच कबूल केलं."

"मी? कधी?"

"काय गंमत करून राहिले! परवा फोन केला मी. सभा तुमच्या अंगणात घेऊ म्हटलं, तुम्ही म्हणाले, बरोबर आहे." एवढं बोलून महादेवरावांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आणि बारापात्रे, माझ्या बायपासची पूर्ण हकिकत ऐकली तुम्ही. घरचे ऐकत नाहीत हो! तुम्ही मधात एक शब्द नाही बोलले. वरून अजून सांगा म्हणाले! शेवटी तेवढं घाईनं ठेवलं, पण मी म्हटलं, जाऊ द्या, गॅसवर काहीतरी असेल."

माझ्या तोंडातला ब्रश खाली पडला.

आलूपोहे कोणी केले, कांदे कोणी चिरले, काही आठवत नाही. मी न्हाणीत जाऊन श्रीधरला फोन लावला. त्यानं तिकडे कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाला, "काका, आमची कंपनी लहान. आमच्याकडून फोन करणाऱ्याचा नंबर जाते तो पुढे एक शून्य लागून जाते. बाजारातल्या फोनले ते समजते, तो शून्य सोडून नाव शोधते. तुमच्या त्या हौशी सॉफ्टवेअरले नाही समजत. म्हणून त्याच्यासाठी सगळेच अनोळखी."

"सगळेच म्हणजे?"

"म्हणजे घरचेही, काका."

मी यादी उघडली. सव्वीस मिनिटं, भरदुपारी. खाली पुन्हा तोच नंबर, संध्याकाळी सातला, चौदा मिनिटं. दुसऱ्या दिवशी बावीस. आता आजकाल बायकोचा नंबर कोणाला पाठ असतो? मी फोनच्या वहीत कौसल्याचं नाव काढलं आणि एकेक आकडा जुळवत गेलो. तोच होता! पुढे शून्य लावून दहा दिवस तोच! अंगणात म्हातारे टाळ्या वाजवत होते आणि मी बादलीवर बसून शेवटचं बोलणं ऐकलं.

"अहो, जेवले का?"

"हो, बोला."

यानंतर ती सहा मिनिटं थांबलीच नाही. कौसल्याच्या बोलण्यात थांबे कमी! व्याही-विहीणबाई राहायला आले, नातीला आता विहीणबाईच न्हाऊ घालतात, कौसल्याला म्हणतात तुम्ही बसा, आराम करा.

"अच्छा."

"बसून बसून काय करू सांगा! ऋतुजा ऑफिसात, जावई ऑफिसात. इथं कोणाशी बोलू? भाजीवाला कन्नडमध्ये बोलते."

"अजून सांगा."

"अजून काय सांगू? माझं मन नाही लागून राहिलं. तुमची खिचडी, तुमचं ते मिक्सर उघडणं, सगळं आठवते." इथं तिनं नाक ओढलं. "दिवसातून दहादा आठवते हो मले घर."

"बरोबर आहे."

"मग येऊ का मी दसऱ्याच्या आधी? तिकीट पाहू?"

"सध्या नको, ठेवतो!"

माझा स्वतःचा आवाज! आणि किती खणखणीत! घसा साफ करून भरला होता ना!

मी नंबर लावला. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी लावला.

"बोला," कौसल्या म्हणाली. थंड!

"अवं, तो मी नव्हतो! मशीन होतं!"

तीनदा समजावून सांगावं लागलं.

"म्हणजे, मी रडली ते मशीन ऐकून राहिलं होतं?"

"हो."

"आणि 'हो, बोला' तुम्ही नाही म्हणाले?"

"तेही मशीनच."

"मले वाटलंच! चौतीस वर्षांत तुम्ही मले कधी पूर्ण बोलू नाही दिलं. मी ऋतुजाले सांगितलं, बाबा सुधरले म्हणून. पोरीनं पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते!"

"कौसल्या, तू ये ना वं."

"पाहते," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पाहते म्हणजे काय? येते की नाही येत? मी सैरभैर झालो. सगळ्यांचे नंबर शून्य लावून पुन्हा साठवत बसलो. मग विचार केला, चुकून पुन्हा मशीननंच उचललं तर? धोका नको! शेवटचं वाक्य पुसून टाकलं आणि तिथं नवं भरलं. घसा साफ न करता. "ये. लवकर ये. मी वाट पाहून राहिलो."

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. मी असा धावलो की चष्मा राहिला! दार उघडलं. समोर एक तरुण मुलगी, गळ्यात ओळखपत्र, मागे पांढरी जीप.

"काका, मी भूमिका. पेंच व्ह्यू प्लॉट्स! काल फोनवर बोललो ना आपण."

"मी नाही बोललो, बाई. ते मशीन..."

"तुम्ही म्हणाले, लवकर ये, मी वाट पाहून राहिलो." तिचा चेहरा एवढासा झाला. "काका, दिवसाचे दोनशे फोन लावते मी. सगळे खेकसतात. असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. म्हणून ऑफिसच्या माणसाले नाही पाठवलं, आमच्या यादीतला पत्ता पाहून मी स्वतःच आली. साइट व्हिजिट फ्री आहे, नाश्ता आहे, नुसतं पाहून घ्या!"

आता तुम्हीच सांगा, त्या पोरीला काय म्हणणार होतो? सध्या नको म्हणू? मी पायात चपला घातल्या. खोटं कशाला बोलू, घरात बसून तरी करणार काय होतो? जीपमध्ये आणखी तीन रिटायर माणसं होती. एकालाही प्लॉट घ्यायचा नव्हता! पारशिवनीपर्यंत आम्ही इतके बोललो, इतके बोललो की भूमिकाला प्लॉटचे भाव सांगायला जागा मिळाली नाही. तिथं दगड रोवलेलं एक शेत पाहिलं, चिवडा खाल्ला, फोटो काढले. पाच महिन्यांत इतका मी हसलो नव्हतो!

संध्याकाळी सहाला जीपनं मला फाटकाशी सोडलं. मंडपवाल्याची एक खुर्ची अंगणात विसरून राहिली होती. त्या खुर्चीवर कौसल्या बसली होती. बाजूला दोन बॅगा, आणि मागे दाराला कुलूप.

"कधी आली वं?" मी फाटकातूनच विचारलं.

"अकराले. तुम्हाले धक्का देऊ म्हणून काल दुपारी न सांगता बसली गाडीत. वीस तास! मोबाईल बंद पडला. मग ऑटोवाल्याच्या मोबाईलवरून लावला तुम्हाले. सात वेळा!"

"माझा नंबर..."

"पाठ आहे मले तुमचा नंबर." ती उभी राहिली. "सातही वेळा तुम्ही म्हणाले, ये, लवकर ये, मी वाट पाहून राहिलो. ऑटोवाला म्हणे, बाई, इतकं बोलावून राहिले तर दार काहून नाही उघडत?"

मी कुलूप उघडलं. बॅगा आत घेतल्या. दिवा लावला, पंखा लावला, पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि दिवाणावर बसली. मग मी समोर उभा राहिलो.

"कौसल्या, ऐक ना."

"हो, बोला."

"माझी चूक झाली."

"अच्छा."

"प्लॉट पाहाले गेलो होतो. घ्यायचा नव्हता. गाडीत माणसं होती, म्हणून गेलो."

"अजून सांगा."

"अवं, घर खायले उठलं होतं तुझ्याशिवाय! कुकरशी बोलत होतो मी!"

तिचे ओठ जरासे हलले.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मला धीर आला. "चहा टाकू का? दोघांचा?"

"सध्या नको!" असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. 'ठेवते' म्हणाली नाही! म्हणून मी दोघांचाच टाकला.