वायर कोण काढतं?

आमच्या शेजारचे गुलाबकाका भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीला लाखेचं सील लावत. पुलगावच्या धान्याच्या आडतीत त्यांचा जन्म पोती सील करण्यात गेला. दुकान पुतण्याकडे सोपवून ते पिपरी मेघेला राहायला आले, ते लाखेची कांडी आणि पितळी शिक्का घेऊनच.

गल्लीत तेव्हा केबलवाल्याचं इंटरनेट नुकतंच आलं होतं. दर रविवारी दुपारी चारला त्यांची मुलगी शोभा बंगळुराहून कॅमेऱ्यावर यायची आणि दोन-तीन मिनिटांत लाइन जायची. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे सव्वाचारला मला बोलावणं ठरलेलं.

"मास्तर, याच्यात डाव आहे." पडद्यावर केबल निघाल्याची सूचना असायची. काका तिच्यावर बोट ठेवत. "मशीनच सांगून राह्यली. केबल निघाली म्हणजे कोनीतरी काढली नं?"

संशयितांत केबलवाला होता, कारण तो नमस्कार फार वाकून करतो. वरचे भाडेकरू होते, कारण ते कधी तक्रारच करत नाहीत. एकदा बंद करून चालू करू म्हटलं, तर म्हणाले, "चांगल्या मशीनले बंद काऊन करायचं? तुमचा काही मतलब?" त्या दिवसापासून मीही यादीत गेलो. मी वायर तपासायचो आणि ते माझे हात. शेवटी वैतागून मी जाणंच सोडलं.

मग काकू कुंपणाशी आल्या. "पोरीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून हे चार वर्षं बोलले नाई. आता कुठं बोलाले लागले, तर हे असं. शोभा म्हणते, बाबाच वायर काढते, माह्यं तोंड पाहवत नाई त्याहिले. या रविवारी लाइन गेली, तर पुन्हा फोन लावनार नाई म्हणते."

माझा राग उतरला. पण खरं सांगतो, मलाही आता काकांचाच संशय आला.

रविवारी मी आधीच जाऊन मागे दिवाणावर बसलो. शोभा पडद्यावर आली. काका हाताची घडी घालून ताठ. "बरं आहे?" "हो." "जेवली?" "हो." मग ती मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. काकांनी दोन्ही हातांनी खुर्ची पुढे ओढली. खुर्चीच्या पायाखाली वायर ताणली गेली आणि कॉम्प्युटरमागची पिन केसभर बाहेर आली, नुसतं बघून कळणार नाही इतकी. पिन अडकवून ठेवणारी प्लास्टिकची जीभ त्यांनीच तपासता तपासता तोडून ठेवली होती.

"काका, वायर तुम्हीच काढता," मी म्हणालो आणि खुर्ची सरकवून दाखवली.

काकांनी वाकून ती पिन हातात घेतली. "तिले वाटत असंन, मुद्दाम केलं."

"तसंच वाटतं तिला." हे सांगताना मला फार वाईट वाटलं.

काकांनी काकूंना फोन लावायला सांगितलं. पुन्हा कॅमेऱ्यावर यायला शोभा नाही म्हणाली. काकूंनी दुसऱ्यांदा लावला, तेव्हा कशीबशी तयार झाली. मी टेबलाखाली शिरून पिन दाबून धरली.

"पक्की धरजा, मास्तर."

वरून शोभाचा आवाज आला. खुर्ची घासत पुढे सरकली, थांबली, आणखी सरकली. खुर्चीचा पाय माझ्या गुडघ्यात रुतला, तरी मी पिन सोडली नाही.

"शोभे, मी वायर काढत नव्हतो बाप्पा," काका म्हणाले. "लय वाळली तू. तेच जवळून पाहून राह्यलो होतो."