टाच, पोपटी आणि पाचवा सेकंद

लोक मोबाइलवरच्या जाहिराती का बंद करतात, याची म्हणे मोठमोठी कारणं असतात. कुणाला आपल्यावर पाळत ठेवलेली खपत नाही, कुणाचं नेट दुपारीच संपतं, कुणाची ध्यानधारणा मोडते. माझं कारण माझी उजवी टाच होती.

झालं असं की, थंडीत टाचेला भेगा पडल्या म्हणून मी मोबाइलवर एकदा, फक्त एकदाच, मलम शोधलं. त्या दिवसापासून टाच माझ्या मागे लागली. बातम्या उघडाव्यात तर टाच. भजन लावावं तर देवाच्या आधी टाच. खालापूरच्या ज्या पतसंस्थेत मी क्लार्क आहे, तिथल्या मॅनेजरना मोबाइलवर गाडीची वेळ दाखवायला गेलो, तर ही एवढी मोठी भेगाळलेली टाच. त्यांनी माझ्या चपलेकडे पाहिलं. टाचेपाठोपाठ केस गळणं आलं आणि मग घोरणं. (घोरण्याचं तर मी शोधलंही नव्हतं. माझा संशय मेघावर होता.)

या छळातून माझ्या अंगठ्याला मात्र एक विद्या मिळाली. जाहिरात सुरू झाली की तो 'स्किप'च्या जागेवर दबा धरून बसायचा आणि पाचव्या सेकंदाला झडप घालायचा. पण एकटा अंगठा कुठवर पुरणार? शेवटी ऑफिसातल्या हरेशला शरण गेलो. त्याने पळसदरीला आमच्या घरी येऊन वायफायच्या डब्यातच असा बंदोबस्त केला की, घरातल्या एकाही मोबाइलवर जाहिरात फिरकेना. डोंगर आडवा असल्यामुळे घरात रेंज नाही, सगळा कारभार वायफायवरच. त्यामुळे टाच, केस आणि घोरणं एका दुपारीतच हद्दपार झाली. मेघाला वाटलं, कंपन्यांना आमची दया आली. तिला खरं सांगायचं राहून गेलं. (म्हणजे मी सांगितलं नाही. सांगायचं तर टाचेपासून सांगावं लागलं असतं.)

मेघा म्हणजे माझी बायको. हिवाळ्यात शनिवार-रविवारी धरणावर येणाऱ्या पाहुण्यांना ती पोपटी करून देते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, जाडं मीठ, ओवा, वर पुन्हा पाला. मग मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. हर्षला नावाची तिची मैत्रीण कर्जतला जाहिराती बनवायचं काम करते. तिने मेघाची जाहिरात बनवली. लोक मोबाइलवर कसलाही व्हिडिओ लावोत, त्याआधी मेघा दिसणार, आणि तीही फक्त आपल्या कर्जत-खालापुरात.

हे सगळं ऑर्डरींसाठी, असं मेघा म्हणायची. पण खरं ते तिच्या आईसाठी होतं. सासूबाई, म्हणजे चंद्रभागाबाई, कोंडाण्याला मुलाकडे राहतात. डी.एड. झालेली पोरगी मडकी भाजत बसली, हे त्यांना बारा वर्षं टोचत होतं आणि टोचलेलं मनात ठेवायची त्यांना सवय नाही. जाहिरातीत मेघा काय बोलली आहे, ते मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

रविवारी सासूबाई आल्या. संध्याकाळी पाचला मेव्हणा रिक्षा घेऊन न्यायला येणार होता. मेघाने त्यांना ओसरीत खाटेवर बसवलं आणि माझा मोबाइल तांब्याला टेकवून समोर ठेवला.

"आई, आता व्हिडिओ लावला की आधी मी येईन बघ."

"बलावल्याबिगर?"

"आपोआप."

सासूबाईंनी पदर सारखा केला, जणू मोबाइलमधून त्यांनाही कुणी बघणार होतं. मेघाने भजन लावलं. भजनच सुरू झालं. दुसरं लावलं, तेही थेट टाळांवर आलं. मग भातलावणीचा व्हिडिओ झाला, खरवसाचा झाला, मोटर दुरुस्तीचा झाला. जाहिरातींच्या नावाने बोटं मोडणारं आमचं घर सकाळभर एका जाहिरातीची वाट बघत बसलं. ती येणार नाही, हे त्या घरात एकट्या मलाच माहीत होतं, आणि मी तोंडात गुळणी धरून बसलो होतो.

"कामाच्या येळंला नसंल येत गं," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारचा गोमा भांबुर्डीचा भारा घेऊन आला. "वैनी, तुमाला सकाळधरनं तीनदा पायलं. म्हशीचा व्हिडिओ लावतोय, आन म्हशीच्या आदी तुमीच."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. "गोमाला दिसती, आन जन्म दिला तिला नाय दिसत?"

मेघाने आपल्या मोबाइलवरून, वायफायवरच, हर्षलाला फोन लावला. ती म्हणाली, थांब, व्हिडिओच पाठवते.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घरच्या आरशात कोनपन दिसतंय. आपसूक आली तर बगीन."

मेघा उठून मागच्या अंगणात शेंगा धुवायला गेली. मी मागोमाग गेलो, तर ती डोळे पुसत होती. मला पाहून म्हणाली, "धूर गेला." जाळ अजून पेटवायचा होता.

मग मात्र माझ्याने राहवेना. परसातल्या फणसाखाली बोलण्यापुरती रेंज येते (व्हिडिओ लावला तर नुसता गोल फिरतो), तिथे मोबाइल घेऊन जाऊन मी हरेशला फोन लावला. त्याने सांगितलं तसं केलं, वायफायच्या सेटिंगमधली तिसऱ्या ओळीवरची खूण काढली, आणि साळसूदपणे ओसरीत येऊन म्हणालो, "आता मी लावून बघतो."

मी मोबाइल हातात धरला. एकीकडून मेघा वाकली, दुसरीकडून सासूबाई. भजन लावलं. आधी टाच आली.

"ह्ये कोनाचं?" सासूबाईंनी विचारलं.

अंगठ्याने पाचव्या सेकंदाला टाच उडवली. घाईघाईने दुसरं भजन लावलं, तर एक टकला माणूस आरशात बघून रडत होता. त्यालाही उडवला. तिसऱ्याला घोरणं आलं, तेही आवाजासकट. महिनाभर कोंडून ठेवलेलं माझं सगळं खासगी आयुष्य सासूबाईंच्या पुढ्यात रांगेने येत होतं. चौथ्याला 'बायकोसमोर बोलताना अडखळता का?' असं एक कोट घातलेला गृहस्थ विचारत होता. मला घाम फुटला. अंगठा आता माझा राहिला नव्हता, तो आपल्या तंद्रीत चालला होता.

पाचव्याला धूर दिसला. धुरातून हिरवी साडी नेसलेली मेघा पुढे आली.

"नमस्कार, मी मेघा. ही पोपटी मला शिकवली माझ्या..."

अंगठ्याने झडप घातली. भजन सुरू झालं.

बुवा गात राहिले. मी अंगठ्याकडे बघत होतो, आणि मेघा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी इथे लिहीत नाही.

"तुज्या कोनी शिकवली?" सासूबाईंनी विचारलं.

मेघाने नजर माझ्यावरून काढून आईकडे वळवली. मग म्हणाली, "आईने. तू."

"आसं म्हनलीस तितं?"

"नाव घेऊन म्हटलंय. कोंडाण्याच्या चंद्रभागाबाईंनी."

"समद्यांम्होरं?"

"सगळ्या कर्जत-खालापुरासमोर."

सासूबाईंनी भजन चालू असलेला मोबाइल माझ्या हातातून घेऊन तांब्याशेजारी पालथा ठेवला. गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "ववा कमी घेतलास तू. मगाशी पायलं मी. चल, दावते."

मायलेकींनी मिळून मडकं भरलं. वास सुटल्यावर मेघा उघडायला धावली, तर सासूबाईंनी तिचा हात धरला. "मधीच उगडायचं नाय गं. समदी घाई तुज्या नवऱ्यालाच आसूं दे." दोघी हसल्या. मला एकदम भरून आलं, आणि त्या वेळी खरोखरच धूर होता, त्यामुळे माझी सोय झाली.

शेंगा सोलता सोलता मेघा म्हणाली, "अहो, सकाळपासून एक जाहिरात नाही. तुम्ही फणसाखाली जाऊन आलात आणि रांग लागली. कसं काय?"

मी टाचेपासून सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "आणि घोरण्याचं मी नव्हतं हं शोधलं," ती म्हणाली.

"मी इचारलंवतं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मागल्या खेपंला. मेघाच्या मोबाइलात बोलून. रातभर डोळ्याला डोळा नव्हता."

वायफायमधला बंदोबस्त मी परत लावलेला नाही. टाच रोज भेटते. आता आमची ओळख झाली आहे.

हर्षलाने हा सगळा प्रकार ऐकला आणि ती म्हणाली, "पाचव्या सेकंदाला पळणारे असे पुष्कळ असतात. सुरुवातच अशी हवी की माणूस थांबला पाहिजे." म्हणून नव्या जाहिरातीत आधी पाच सेकंद मी आहे. मांडी घालून शेंगा खातोय, आणि व्हिडिओ काढणाऱ्याने मोबाइल नेमका असा धरलाय की माझी उजवी टाच पुढे आली आहे. माझ्यानंतर मेघा येते आणि आईचं नाव घेते.

परवा सासूबाईंचा फोन आला. मुलाच्या मोबाइलवर त्यांना जाहिरात आपसूक दिसली होती, तीही दोनदा. आवाज भरून आलेला होता. लेकीचं कौतुक करून झालं, आणि मग त्यांनी फोन मुद्दाम माझ्याकडे द्यायला सांगितला.

"जावई, मेघाच्या आदी पाच शेकंद तुमी दिसता. तेवढंच बंद करायचं कायतरी त्या हरेशकडं हाय का, जरा इचारा."