सरावाचा घड

"आजपासून या सोसायटीत माणसाच्या डोक्याला काही काम उरणार नाही," असं चेअरमन रुपचंदनानांनी भर सभेत जाहीर केलं. टाळ्या पडल्या. आजवर ते काम नेमकं कुणाच्या डोक्याकडे होतं, हे कुणी विचारलं नाही.

एकोणीसशे नव्व्याण्णवचा मे महिना. यावलकडच्या त्या केळी सोसायटीत चार संगणक आले होते, आणि त्यांना ऊन सोसत नाही म्हणून त्यांच्या खोलीत एसी लागला होता. त्याच उत्साहात नानांनी नंबराची जुनी वही रद्दीत दिली. तिच्या पानांवर स्टँडवरची भजी खाऊनही झाली. नंबर म्हणजे कापणीचा ट्रक कुणाच्या बागेत कधी लागणार, ती पाळी. तयार झालेला माल कुणासाठी थांबत नाही. म्हणून तिकडे बांधावरून झाली नसतील इतकी भांडणं नंबरावरून झाली आहेत.

सोसायटीचा कारकून जीवराम दहा वर्षं उन्हात वजनकाट्यावर उभा होता. आता त्याला एसीतली खुर्ची मिळाली होती. नानांनी बजावलं होतं, "सोमवारी उद्घाटन. चुकलास तं परत काट्यावर."

शिकवायला पुण्याहून साहेब आले. त्यांनी सरावापुरती तीन मशीनं एकमेकांना जोडली. एक बंद पडलं तर बाकीची त्याचं काम उचलतात. या जुळणीला ते क्लस्टर म्हणत.

"म्हणजे घड," जीवराम म्हणाला, आणि साहेबांना तीन दिवस जमलं नव्हतं ते झालं, सगळ्यांना समजलं. मशीनांची नावं केळीच्या जातींवरून पडली, बसराई, श्रीमंती आणि महालक्ष्मी. चौथं, खऱ्या कामाचं मशीन उद्घाटनाच्या हारासाठी कोरं ठेवलं.

"सरावाला खोटी नावं भरा," साहेब म्हणाले, आणि तिथेच अडलं. ज्याच्याकडे केळीचं एक खोड नाही, अशा माणसाच्या बागेत पहिला ट्रक लावायचा? जीवरामचा हात चालेना. वही रद्दीत जाण्याआधीच त्याने तिच्यातली एक्केचाळीस खरी माणसं खऱ्या नंबरांसकट गपचूप भरली.

शनिवारी साहेब एक कागद ठेवून पुण्याला गेले. आधी एकेक मशीन घडातून सोडवा, मग घड मोडा, मग सर्व्हरचं सॉफ्टवेअर काढा. सरावाचं काही शिल्लक ठेवू नका. जीवराम जातिवंत केळीवाला. रोगट बाग काढतात तसं त्याने रविवारी ते काढलं. खोड, बुंध्याशी फुटलेलं पील, कंद, काही म्हणून ठेवलं नाही. मशीन दर वेळी विचारी, नक्की काढू का? "काढ बाप्पा," म्हणत तो होकार दाबी.

मग त्याने कोपऱ्यातल्या खऱ्या मशीनवर नंबरांची यादी उघडली. तिच्यात शून्य नावं होती. खरी एक्केचाळीस नावं फक्त सरावाच्या घडात भरली होती, हे त्याला आत्ता आठवलं. एसी चालू असताना जीवरामला घाम फुटला.

त्याने पुण्याला फोन लावला. साहेबांनी विचारलं, "यादीची दुसरी प्रत?"

"श्रीमंतीवर होती."

"मग श्रीमंती बघा."

"ती दुपारीच काढली."

त्यानंतर एसटीडीचं मीटर तेवढं पळत राहिलं.

सोमवारी नाना यायच्या आधीच शेतकरी संगणकाच्या खोलीत गारव्याला येऊन बसले. जीवरामने सगळ्यांत म्हाताऱ्या झिपरूआबांना यादी पुसल्याचं हळूच सांगितलं आणि विचारलं, "आबा, तुमचा नंबर कितवा?"

"मले काय ठावं? मशीन आलं तवापासून मी ध्यानात ठेवनं सोडलं. पन तो चुडामण माह्या पुढे घुसला व्हता, येवढं ठावं आहे."

जीवरामने पेन उघडलं. "चुडामणभाऊ, तुमच्या पुढे कोण?"

"सुनंदाबाई. माल हिरवागार, अन् नंबर धरून बसली."

"माह्या मालाचं मी पाहीन," सुनंदाबाई म्हणाल्या. "आधी त्या कौतिकले इचारा. साडू सोसायटीत आहे, म्हनून पुढे."

स्वतःचा नंबर एकालाही आठवत नव्हता. पुढचा माणूस मात्र प्रत्येकाला तोंडपाठ होता, कारणासकट. दोघे लग्नाला पारोळ्याला गेले होते. त्यांची नावं मागच्यांनी आवर्जून पुरवली. तासाभरात शिव्यांची ही माळ उखर्डूपाशी येऊन थांबली. त्याच्या पुढे कुणी नव्हतं. म्हणजे तो पहिला. जीवरामने एक्केचाळीस नावं कोऱ्या मशीनमध्ये भरली. एक बंद पडलं की दुसरं काम उचलतं म्हणजे काय, ते त्याला आत्ता समजलं.

नाना हार घेऊन आले. यादी पाहून त्यांची छाती फुगली. "पाहा. माणसाच्या डोक्याला काही..."

"आमच्याच डोक्यातून काढली ते," झिपरूआबा म्हणाले. "मशीनमधली तं कालच पुसली जीवरामनं."

नानांनी हार टेबलावर ठेवला. "मग ही खोकी आजच्या आज बाहेर काढा. अन् जीवराम, तू उद्यापासून काट्यावर."

जीवराम खुर्चीतून उठला.

"काढा ना भो," झिपरूआबा सावकाश म्हणाले. "पन मशीन गेल्यावर हा एसी कोनासाठी लावाल?"

नानांनी उघड्या दारातून बाहेर पाहिलं. अंगणात डांबर मऊ झालं होतं. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, आणि एसीसमोर एक स्टूल ओढून घेतलं.

"जीवराम," ते हळू आवाजात म्हणाले, "तू बस तुझ्या खुर्चीवर. फक्त आधी ते दार लोट. गारवा सगळा बाहेर चाललाय."