पाच वाजताची रिकामी फेरी

ड्रोन उडवण्याआधी कंडक्टरसारखी डबल शिट्टी मारणारा माणूस जगात एकच असावा. तो आमच्याकडे आहे. देवरावभाऊ.

भाऊ बसस्टँडवर कंट्रोलर होते. रिटायर झाले तेव्हाच आमच्या चांदूर बाजारजवळच्या फुलवाल्यांच्या गटाने फवारणीची दोन ड्रोनं आणि एक बिनड्रायव्हरची बॅटरीगाडी घेतली. कोणतं यंत्र कुणाच्या वावरात कधी जाईल, ते बघायला भाऊंना बसवलं. खरं तर हे सगळं टॅबलेटच ठरवतो. भाऊ ते खडूने पाटीवर उतरवतात आणि माइकवर पुकारतात, "ड्रोन नंबर दोन, नाल्याकडचा झेंडू, फलाटावर लागलं हाय!" ऐकायला प्रवासी म्हणाल तर एक बकरी.

वारा सुटायच्या आत फवारणी, बाजाराची जीप निघायच्या आत फुलं. मिनिटभर उशीर झाला की, "काहून बे, सासुरवाडीले आला का? टायमिंग म्हंजे टायमिंग!" हे सरपंचालासुद्धा.

फक्त गाडीची पाचची फेरी रोज 'राखीव'. रिकामी जायची, रिकामी यायची. टॅबलेट लाल अक्षरांत हरकत घ्यायचा. भाऊ त्याला दटावायचे, "तू चूप बैस."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझीच तोडणी लांबली. सव्वापाचला जीप, आणि दसरा उलटला की झेंडूला कोणी विचारत नाही.

"भाऊ, पाचची फेरी मले द्या नं."

भाऊंनी घड्याळ पाहिलं. 'राखीव' पुसून माझं नाव लिहिलं, शिट्टी माझ्या हातात दिली आणि सायकलवर टांग मारली. ड्युटी सोडून! मी क्रेट चढवले, गाडी आपली आपण जीपकडे निघाली. मला मात्र राहवेना, मी मोटरसायकलने भाऊंच्या मागे गेलो.

त्यांच्या घरासमोर काकू फाटक उघडून रस्त्यावर आल्या होत्या, इकडे तिकडे बघत.

"तिले आता काही याद राह्यत नाही," भाऊ धापा टाकत म्हणाले. "पाचच्या गाडीनं मी ड्युटीवरून येतो, येवढंच ध्यानात हाय. हॉर्न आयकला का घरात जाते. नाही आयकला तं मले शोधाले निघते. म्हून पाचची रिकामी गाडी रोज इथून हॉर्न वाजवत जाते."

मग त्या म्हाताऱ्या माणसाने सायकलवर बसल्या बसल्या तोंडाने हॉर्न वाजवला, "पोंऽऽ पोंऽऽ!"

काकू थांबल्या. चेहरा खुलला.

"आले का? आज गाडी टायमावर हाय," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

भाऊंनी डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसले, "पाह्यतं काय बे? जाय, शिट्टी मार. ड्रोन लेट होऊन राह्यलं!"