टिटवीची चार अंडी आणि रद्द झालेला पूर

एका जंगलात, पोरांनो, सिंहाला नव्या दरबाराची फार घाई झाली होती. वैशाखात नदी ठणठणीत कोरडी. वाळू कशी, चाळून ठेवल्यासारखी. कोल्हा प्रधान म्हणाला, "महाराज, एवढी सपाट जागा आजवर कुणाला दिसलीच कशी नाही?" झालं! पात्रात नारळ फुटला, खांब उभे राहिले.

टिटवीनं मात्र त्या साली टेकाडावर चार अंडी घातली. टिटवी नदीत अंडी घालते त्या साली पाऊस तोकडा, उंचावर घालते त्या साली पाणी उदंड, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिला राहवेना. अंड्यांवर नवऱ्याला बसवलं आणि ती दरबारात आली.

"महाराज, खांब वर हलवा. यंदा नदी इथवर येणार."

"नारळ फुटलाय, बाई," कोल्हा म्हणाला. "फुटलेला नारळ जोडता येतो का?"

पण राजा न्यायी! त्यानं समिती नेमली. समितीत तीन रेडे. तिघांनीही जन्मात अंडं घातलं नव्हतं, त्यामुळे अगदी निःपक्षपाती. आठ दिवस ते चिखलात बसून रवंथ करत राहिले. मग थोरला रेडा उठला.

"महाराज, पत्ता लागला. परार साली हिची अंडी वर होती, पूर आला. गेल्या साली खाली होती, दुष्काळ पडला. म्हणजे पूर आणतं कोण? हीच!"

"अगं बया!" टिटवी म्हणाली. "अरे रेडोबा, मी पाऊस ओळखते, पाडत नाही!"

"बघा, वर उलट बोलते," कोल्हा म्हणाला.

हुकूम सुटला. उद्या दिवस मावळायच्या आत चारही अंडी दरबाराच्या पायरीशी. नाहीतर राजाच्या न्याहारीत.

ऐकावं तर अंडी वाहून जाणार, न ऐकावं तर राजा खाणार. टिटवीनं मान वाकडी करून नदीकडे पाहिलं. तिथं काठाला ठिपक्या-ठिपक्यांचे गोटे पडले होते. टिटवीची अंडीही हुबेहूब तशीच. तिची आईसुद्धा फसायची. तिनं पायानं लोटत लोटत चार गोटे पायरीशी जमवले आणि तोंड पाडून वर बसली.

कोल्हा तपासणीला आला. "एक, दोन, तीन, चार. भरली. पण गार का लागतात?"

"नदीची हवा, प्रधानजी."

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली: "यंदाचा पूर रद्द करण्यात आला आहे हो!"

मृगाच्या पाचव्या दिवशी नदी आली. तिनं काही दवंडी ऐकली नव्हती. खांब गेले, सिंहासन गेलं, रेडे पोहत कुठल्या कुठे गेले. राजा आणि प्रधान कसेबसे टेकाडावर चढले. तिथं चार पिल्लं तुरुतुरु पळत होती.

"अंडी खाली नेली होतीस ना?" भिजलेला सिंह गुरगुरला.

"प्रधानजींनी मोजली की, महाराज."

"मग पूर आला कसा?"

कोल्ह्यानं शेपूट पिळली. "ऐन वेळी अंडी फुटली ना! म्हणून आला. समिती नेमू, महाराज."

राजानं हळूच टिटवीला विचारलं, "पाणी आणखी चढेल का गं?"

टिटवीनं चोच उघडली.

"थांब," कोल्हा म्हणाला. "आधी रेडे सापडू देत."

टिटवीनं पिल्लांना वरच्या खडकावर पिटाळलं. पाणी राजाच्या शेपटीला लागलं होतं.

तात्पर्य: जाणत्यानं राजाला सल्ला जरूर द्यावा. अंडी मात्र देऊ नयेत.