शिर्केमामांच्या आठ सुया

सकाळी सात वाजता डोंबिवलीच्या आमच्या चाळीत शिर्केमामांची फेरी निघे. खिशावर आठ सुया टोचलेल्या, हातात दोऱ्याचं रीळ. त्यांची सोडून खोल्याही आठच. दर दारात एक सुई आणि एकच वाक्य, "वहिनी, जरा ओवून द्या. आमची मंडळी असती तर त्रास दिला नसता."

मामा शिंपी. काजं हातानेच करत. मामी होत्या तोवर सकाळीच सुया ओवून ठेवत. चष्म्याचं नाव काढलं की मामा उसळत, "चष्मेवाल्या शिंप्याला माप कोण देईल?"

माझ्या पहिल्या मुलाखतीची पँट त्यांनीच शिवली. "पदवीधर, बसताना गुडघ्यावर जरा वर ओढून घे. क्रीझ मोडली तर माझं नाव जाईल." नोकरी लागली. निम्मं श्रेय मी अजून त्या पँटला देतो.

पुढे १९९०च्या सुमारास मामांना मोतीबिंदू झाला. मी त्यांना ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं.

"दोन्ही डोळ्यांत लांबचं भिंग बसवलं, तर जवळचं बघायला चष्मा लागेल," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर उजवा लांबचा करू, डावा जवळचा. पण काहींना ते जमत नाही, गरगरतं."

"डावा सुईला, उजवा गिऱ्हाइकाला," मामांनी वाटणी करून टाकली. "टाके किती?"

"पाच-सहा."

"कच्चे घालू नका हां!"

बाहेर आल्यावर मात्र त्यांनी माझा हात घट्ट धरला. "फसलं तर हातातलं काम जाईल रे."

काही महिन्यांच्या अंतराने दोन्ही डोळे झाले. सुरुवातीला मामा जिन्याच्या पायऱ्या चाचपत उतरत. हळूहळू नजर बसली.

एका सकाळी मी त्यांच्या दारावरून जात होतो. मामा खिडकीशी उभे होते. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि पहिल्याच झटक्यात सुई ओवली! मी 'शाब्बास' म्हणणार, तोच त्यांनी तो दोरा हळूच ओढून काढला आणि सुई खिशावर टोचली.

मी गुपचूप घरी परतलो. पाठोपाठ हाक आली, "वहिनी, जरा ओवून द्या."

बायको पोळ्या लाटत होती. "आणा मामा, मी ओवतो," मी म्हणालो.

मीही चाळिशी ओलांडली होती. दोरा तीनदा हुकला. मामा उंबऱ्यावर ऐसपैस बसले.

"होऊ दे सावकाश, पदवीधर. मला कुठं घाई आहे?"