घमेल्यातलं बाळंतपण

थप्प.

ओला टॉवेल फरशीवर पडावा तसा आवाज झाला आणि दुपारची शांतता मोडली. बरीच गाणी आणि थोड्या धमक्या खर्ची पडल्यावर बिट्टी आत्ता कुठे झोपली होती. तिच्या शेजारी आडवी झालेली तिची आई डोळे न उघडताच पुटपुटली, "देवा, टॉवेलच असू दे."

टॉवेल नव्हता. न्हाणीघरात बादलीचं झाकण कलंडलेलं होतं आणि बादलीत नुसतं पाणी होतं. मोठ्या बाई निघून गेल्या होत्या.

मोठ्या बाई म्हणजे बेडकीण. बिट्टीची आई ज्या प्रयोगशाळेत काम करायची, तिथे नखवाल्या बेडकांची एक खोलीच होती. मागच्या पायांना काळ्या नख्या, जन्मभर पाण्यात मुक्काम आणि अंग साबणाच्या वडीसारखं. यांची अंडी चांगली डोळ्यांना दिसण्याएवढी असतात आणि आईच्या पोटाबाहेर वाढतात, त्यामुळे एका ठिपक्यातून अख्खा जीव कसा घडतो ते बसल्या जागी बघता येतं. पण ती खोली बंद करून तिथे जुन्या फायली ठेवाव्यात असं वरच्यांच्या मनात आलं होतं. आज संध्याकाळी एक पाहुण्या बाई येऊन निकाल देणार होत्या. त्यांना दाखवायला ताजी अंडी हवी होती, आणि बाकीच्या बेडक्या महिनाभर संपावर असल्यासारख्या बसून होत्या. भरवसा उरला होता तो मोठ्या बाईंचा. खोली गेली की बिट्टीच्या आईचं सगळं कामही फायलींखाली जाणार होतं.

मोठ्या बाईंना काल संध्याकाळी अंडी घालण्याचं इंजेक्शन दिलं, आणि आज सकाळी प्रयोगशाळेची वीज गेली. खोली तापायला लागली. तेव्हा मोठ्या बाई रिक्षातून, झाकणाच्या बादलीत बसून, घरी आल्या.

"आता हेच बघायचं राहिलं होतं," सासूबाई म्हणाल्या होत्या. नळाच्या पाण्यातलं औषध बेडकांना सोसत नाही, ते उडून जावं म्हणून सुनेने पातेली, कुकर, मिक्सरचं भांडं, सगळं पाण्याने भरून उघडं ठेवलं होतं. "चहा कशात करू? तुझ्या बाईंना विचार, एखादी वाटी सोडताय का म्हणून."

"आई, आजच्या दिवस."

"ही बया जाईपर्यंत मी न्हाणीघरात पाऊल टाकायची नाही. सांगून ठेवते."

झाकणावर सुनेने इस्त्री ठेवली होती. आता ती इस्त्री बाहेरच्या खोलीत, नवऱ्याच्या हातात होती.

"अरे, ही कुठून आणलीस?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"न्हाणीघरातून. मी म्हटलं, ही वेंधळी इस्त्री कुठेही ठेवते." त्याने शर्टाची कॉलर दाबली. मग तिचा चेहरा बघितला, इस्त्री उभी केली आणि स्वतः सोफ्यावर चढला. "सुटली? चावते का?"

"नाही चावत. जीभसुद्धा नाही तिला."

"जीभ नाही?" त्याने आईच्या खुर्चीकडे चोरटी नजर टाकली. "घरात असं एक तरी माणूस हवं होतं."

"खाली उतर आणि शोध. अंग वाळलं तर मरेल ती."

फरशीवर ओला माग होता. न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून बोळात, बोळातून चपलांपाशी. तिथे बाईंनी जरा विचार केला असावा, कारण एका चपलेत छोटंसं तळं झालं होतं. नवऱ्याने ती चप्पल दोन बोटांनी उचलली. "ही माझी ऑफिसची आहे."

"होती," ती म्हणाली.

एवढ्यात बिट्टी उठून आली. "काय हरवलं?" विचारून, उत्तराची वाट न बघता तीही रांगायला लागली. तिघंही चार पायांवर, नाकं फरशीला लावून, बाहेरच्या खोलीत पोचले. माग खिडकीजवळ संपला. तिथे सासूबाई खुर्चीत बसून पेंगत होत्या. गुडघे दुखतात म्हणून जेवण झाल्यावर त्या घमेल्यात कोमट पाणी आणि मीठ घालून पाय बुडवून बसत, ते डोळा लागेपर्यंत. पाणी केव्हाच निवलं होतं. मांडीवरची चादर घमेल्यावर उतरली होती.

सासूबाई झोपेतच गालात हसल्या. "बिट्टे, पुरे. पायाला गुदगुल्या नको करूस."

बिट्टी सोफ्याखालून म्हणाली, "मी इथंय, आजी."

सुनेने चादरीचं टोक हळूच उचललं. घमेल्यात सासूबाईंच्या दोन पावलांच्या मधोमध मोठ्या बाई ऐसपैस बसल्या होत्या, आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांतून मोहरीसारखे काळे दाणे लोंबत होते.

सासूबाईंनी डोळे उघडून खाली बघितलं. त्यांचं तोंड उघडलं.

"आई, ओरडू नका! पाय हलवू नका! ती अंडी घालतेय!"

"माझ्या पायांवर?"

"अंडी ताजी राहायला मिठाचंच पाणी लागतं हो! मी मिठाची पिशवी तिकडेच विसरून आले, आणि तुम्ही..." सुनेला हसू आणि रडू एकदमच आलं.

सासूबाईंनी तोंड मिटलं. पुन्हा खाली बघितलं. मोठ्या बाईंनी अंग आवळलं, आणखी चार दाणे टाकले आणि आधारासाठी एक नखी सासूबाईंच्या अंगठ्यावर रोवली.

"कळ आली वाटतं," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बाई गं. पंखा बंद करा तो. उजेड केवढा येतोय डोळ्यांवर तिच्या, पडदा ओढा. आणि तू रे, बाप असल्यासारखा येरझाऱ्या काय घालतोस? बस खाली!"

सुनेने प्रयोगशाळेतल्या सरांना फोन लावला. "सर, अंडी मिळाली! पण हलवता येत नाहीये."

"का?"

"त्यात सासूबाईंचे पाय आहेत."

"मग पायांसकट आणा."

"बाळंतिणीला आता कुठे नेताय?" सासूबाई पलीकडून कडाडल्या. "त्यांना म्हणावं, बघायचं तर इथे या. हात धुऊन!"

तासाभरात सर सूक्ष्मदर्शक कवेत घेऊन आले. मागून पाहुण्या बाई, कडक साडीत, कपाळाला आठ्या घालून आत शिरल्या.

"चपला बाहेर. आणि आवाज नको," सासूबाईंनी त्यांना बजावलं. "या, अशा माझ्या पायांपाशी बसा. तिथून छान दिसतं."

अख्ख्या संस्थेला आपल्यापुढे उभं ठेवणाऱ्या पाहुण्या बाई मुकाट्याने फरशीवर बसल्या. थोड्या वेळाने त्या चक्क पालथ्या झाल्या आणि "अगं बाई, हे बघा अजून एक!" म्हणायला लागल्या. सर सूक्ष्मदर्शक धरून भिंतीला टेकले होते. त्यांना कोणी जागा देत नव्हतं.

"या आजी तुमच्याकडेच काम करतात?" पाहुण्या बाईंनी मान वळवून विचारलं.

"आजच लागले," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही त्या खोलीचं काय ते लवकर सांगून टाका. पाय किती वेळ ठेवायचे माणसाने?"

"कसल्या फायली आणि कसलं काय," पाहुण्या बाई म्हणाल्या. "खोली राहणार."

बिट्टीच्या आईने मटकन खुर्ची गाठली. सकाळपासून ती पहिल्यांदाच निवांत बसली होती. बिट्टी लगेच तिच्या मांडीवर चढली.

सर मात्र अस्वस्थ झाले. "आता अंडी चटकन बाजूला काढा. उशीर झाला तर खाऊन टाकेल."

"कोण खाईल?" सासूबाईंनी दोन्ही हात घमेल्यावर आडवे धरले. "माझ्यासमोर हात लावू दे कोणाला!"

"अहो, तीच. या बेडक्या आपली अंडी खातात."

सासूबाईंनी मोठ्या बाईंकडे घात झाल्यासारखं पाहिलं. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर कसलाच भाव नव्हता.

बिट्टीने बराच वेळ घमेल्याकडे बघितलं. मग आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, मग तू मला का नाही खाल्लंस?"

नवरा, सर, पाहुण्या बाई, घमेल्यात पाय घातलेल्या सासूबाई, सगळेच उत्तरासाठी तिच्याकडे बघू लागले.